रिकाम्या आकाशाचे फोटो

फोनवर नाव शैला मॅडमचंच आलं होतं, म्हणून मी उचलल्या उचलल्या बोलायला लागले. "हो मॅडम, कालच्या फाइल चढवल्या मी. दुपारी आल्यावर एकदा तुम्ही बघून घ्या, मग..." पलीकडून काहीच आवाज नाही. वर्ध्याला लागूनच असलेल्या सिंदी मेघेतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत गॅसवर पोहे होते. मला वाटलं मॅडम बसमध्ये असतील, ऐकू जात नसेल, म्हणून मी तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. मग एका पुरुषाचा आवाज आला. "मोनाली, मी अजय बोलून राह्यलो. मॅडमचे मिस्टर." त्यांनी माझं वाक्य दोन्ही वेळा पुरं होऊ दिलं होतं. पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. सकाळी मॅडमनी आंघोळीचं पाणी काढलं, जरा दम लागला म्हणून मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या, आणि तिथून उठल्याच नाहीत. मी "बरं" म्हणाले. अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला येत नव्हतं, अजूनही येत नाही. फोन ठेवल्यावर पोहे खाली लागल्याचा वास आला, तेव्हा कुठे मी गॅस बंद केला.

त्याला आता काही आठवडे झाले. हिंगणघाटला त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती त्याच दिवशी. एरवी मॅडमच रोज तिथून वर्ध्याला यायच्या, बसने, पाठीला सॅक आणि हातात डब्याची पिशवी घेऊन. आमच्या कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे दर वर्षी नव्याने अर्ज करायचा, नव्याने मुलाखत द्यायची आणि उन्हाळ्यात घरी बसायचं. वयाची चाळिशी उलटून गेली तरी हे असंच चालू होतं. स्टाफरूममध्ये त्यांना स्वतःचं कपाट नव्हतं. त्यांचा स्वेटर, छत्री आणि पुस्तकं गच्चीच्या जिन्याखालच्या खोलीत असायची. पूर्वी तिथे तुटके बाक ठेवत. मॅडमनी ते हलवून एक जुना कॉम्प्युटर बसवला होता. मी त्यांच्याविषयी लिहितेय खरी, पण त्यांच्या घरातलं, लहानपणातलं मला फार माहीत नाही. मला माहीत आहेत त्या मॅडम बहुतेक त्या खोलीतल्या आणि गच्चीवरच्या.

त्या पीएच.डी. करत होत्या. हे वाक्य त्यांच्याबद्दल इतकी वर्षं बोललं जात होतं की शेवटी शेवटी लोक ते बोलताना हसायचे. विषय होता धूमकेतूंमधून बाहेर पडणारा वायू. आधीची प्रकरणं दुसऱ्यांनी काढलेल्या जुन्या फोटोंवरून लिहून झाली होती. शेवटच्या प्रकरणात मात्र स्वतः घेतलेली निरीक्षणं हवीत, असं त्यांच्या नागपूरच्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं होतं. प्रबंध दाखल करायची मुदत दोनदा वाढवून झाली होती, आता पुन्हा वाढणार नव्हती. आणि गेल्या हिवाळ्यात एक धूमकेतू आला. संध्याकाळी पश्चिमेला, आमच्या छोट्या दुर्बिणीच्या आवाक्यातला. तो पुन्हा यायला हजारो वर्षं लागणार होती. मॅडमकडे एक धूमकेतू होता, एक हिवाळा होता आणि एक प्रकरण. एवढं जुळलं तर त्या डॉक्टर होणार होत्या, आणि मग कदाचित कायमची नोकरीही लागणार होती.

मी त्यांच्याकडे कशी गेले, हे सांगायला फार काही नाही. आम्ही रोहणा गावचे. बाबा वनखात्यात मजूर आहेत, आई शेतात जाते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. शेवटच्या वर्षाला प्रकल्प घ्यायचा होता आणि सोपे प्रकल्प वाटून संपले होते. मॅडमचा प्रकल्प कोणी घेत नव्हतं, कारण संध्याकाळी थांबावं लागणार होतं आणि बहुतेक मुली गावाहून येणं-जाणं करायच्या. मॅडमनी मला विचारलं, "तू राहतेस कुठं?" मी म्हटलं, सिंदी मेघे. "मग तू ये. जवळ आहेस." माझ्यात काही वेगळं दिसलं म्हणून त्यांनी मला निवडलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं नव्हतं. मी जवळ राहत होते, एवढंच.

आईला मी फोनवर सांगितलं तेव्हा तिला ते पटेना. "संध्याकाळची गच्चीवर काय करतं वं?"

"धूमकेतूतून गॅस किती निघतो ते मोजतो आम्ही."

आई म्हणाली, "इथं सिलिंडर आठ दिवसांपासून संपलेलं आहे, मी चुलीवर करून राह्यली, अन् तुमी थ्या वरचा गॅस मोजता! तुह्या मॅडमले म्हणा, एखांदी टाकी इकडं बी धाड."

मी हे मॅडमना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. दुसऱ्या दिवशी वर्गात धूमकेतू समजावताना त्यांनी आईचं वाक्य सगळ्यांना ऐकवलं. मला तेव्हा लाज वाटली होती. पण त्यामुळेच बाकीच्यांच्याही ते डोक्यात बसलं असावं. धूमकेतू म्हणजे धुळीत मळलेला बर्फाचा गोळा. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते, वायू आणि धूळ बाहेर पडते आणि गोळ्याभोवती पसरते. आपल्याला दिसतं ते हे पसरलेलं, आतला गोळा दिसतच नाही. प्रत्येक वायू सूर्याच्या उजेडात आपापल्या रंगात चमकतो. कुठला जांभळ्याकडे झुकणारा, कुठला हिरवट. आमच्याकडे काही काचा होत्या, सरांनी एका संस्थेतून उसन्या आणून दिलेल्या. एक काच एकाच वायूचा रंग आत सोडते, दुसरी दुसऱ्याचा, आणि एक अशी, की जिच्यातून फक्त धुळीवरून परतलेला उजेड येतो. तिन्हींमधून फोटो घ्यायचे, त्यातला धुळीचा उजेड वजा करायचा, आणि उरलेल्या उजेडावरून किती वायू निघतोय ते काढायचं. जमिनीवर उभं राहून, तेही वर्ध्याच्या एका गच्चीवरून, हे कळू शकतं, हे मला कितीतरी दिवस खरंच वाटत नव्हतं.

काम मात्र कंटाळवाणं होतं. तसं कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. सूर्य मावळला तरी आकाश लगेच काळं होत नाही, आणि ते पुरेसं काळं होईपर्यंत धूमकेतू पाण्याच्या टाकीमागे जायला निघालेला असायचा. मधला वेळ थोडाच. तेवढ्यात काचा बदलायच्या, शेजारच्या माहितीतल्या ताऱ्याचे फोटो घ्यायचे आणि कशाला धक्का लागू द्यायचा नाही. मॅडम व्यापाऱ्याच्या घरातली सून, हातात काचेच्या बांगड्या कायम. त्या काढायच्या नाहीत, आणि काचेवर ओरखडाही पडू द्यायचा नाही, म्हणून त्या गच्चीवर आल्या की बांगड्या कोपराकडे सरकवून वरून रुमाल गुंडाळायच्या. मग मला म्हणायच्या, "गाठ मार. घट्ट नको, रग लागते." रोजची सुरुवात ही अशी.

गच्चीवर यायला त्यांना वेळ लागायचा. दोन मजल्यांच्या मधे त्या थांबायच्या, खिडकीतून बाहेर काही बघितल्यासारखं करायच्या. लहानपणी येऊन गेलेल्या तापाने त्यांच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, दिवसभर उभं राहून शिकवतात, पहाटे उठून घरचं करतात, दमत असतील. दमलेल्या तर त्या असायच्याच. एकदा काचा पुसता पुसता म्हणाल्या, "मोनाली, मले ना, एक दिवस नुसतं झोपायचं आहे. कोणी उठवायचं नाई. धूमकेतूनंही नाई." वर्गात त्या अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या. गच्चीवर मात्र आमच्या घरच्यासारख्या बोलायच्या, त्यामुळे मलाही बोलता यायचं.

काम संपेपर्यंत हिंगणघाटची सोयीची बस निघून गेलेली असायची, म्हणून अजयभाऊ मोटारसायकल घेऊन यायचे. त्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि तेव्हा लगनसराईची गर्दी होती. तरी यायचे. खाली पायरीवर बसून फल्लीदाणे खायचे आणि वर हाक मारायचे, "अवं, झाला का तुमचा पाहुणा पाहून? इकडं माणसं बी आहेत पाहासारखी!" मॅडम वरून म्हणायच्या, "माणसं रोजचीच आहेत!" मग दोघं जायचे. मॅडमच्या डोक्याला मफलर, मधे सॅक, आणि त्या थंडीत हिंगणघाटपर्यंत मोटारसायकल.

सुरुवातीचे पंधराएक दिवस फार चांगले गेले. आकाश स्वच्छ, काही बिघडलं नाही. मॅडम रोज आकडे काढून भिंतीवरच्या आलेखात एक एक ठिपका द्यायच्या. ठिपके वर चढत होते, धूमकेतू सूर्याजवळ जात होता, सगळं जसं व्हायला हवं तसंच. मग एके दुपारी मी त्या खोलीत गेले तर मॅडम डबा न उघडता बसल्या होत्या. दुसऱ्या देशांतल्या निरीक्षकांचे आकडे आले होते. तोच धूमकेतू, तेच वायू, पण त्यांचे आकडे आमच्या जवळजवळ दुप्पट. धुळीचा आकडा मात्र सगळ्यांचा सारखाच होता. मी म्हटलं, आपल्याकडे शेतात काड्या जाळतात, धुरामुळे असेल. मॅडम म्हणाल्या, "धूर असता तं शेजारचा ताराही तेवढाच मंद दिसला असता. आपण त्याच्याशीच तोलतो ना." त्या दिवशी त्यांनी दुपारचे तास घेतले, शिकवलंही नेहमीसारखं. संध्याकाळी गच्चीवर न जाता आम्ही त्याच खोलीत बसलो, आणि त्यांनी मला काय झालं ते सांगितलं.

फोटोत नुसता धूमकेतूचा उजेड नसतो, त्याच्या मागच्या आकाशाचाही उजेड असतो. तो वजा करावा लागतो. त्यासाठी आम्ही त्याच फोटोच्या कडेची, धूमकेतूपासून लांबची, काळी रिकामी जागा घ्यायचो आणि तिथला उजेड सगळीकडून वजा करायचो. तारा असला तर हे चालतं. पण धूमकेतूचा वायू डोळ्याला दिसतो त्याहून कितीतरी लांब पसरलेला असतो. आमच्या फोटोची कड त्याच्या पोटातच होती. धूळ तेवढी लांब फारशी जात नाही, म्हणून तिचा आकडा तेवढा जुळला होता. आम्ही जे रिकामं आकाश समजून वजा करत होतो, तो धूमकेतूच होता.

मला ते लगेच समजलं नाही. मॅडमचे वडील हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. त्या म्हणाल्या, "कापसाची गाडी कशी तोलतात? आधी भरलेली. मग कापूस खाली करून रिकामी. दोन्हीतला फरक म्हणजे कापूस. आता समज, रिकामी म्हणून जी गाडी काट्यावर चढवली तिच्यात निम्मा कापूस तसाच राह्यला. काय होईल?"

"कापूस कमी भरेल."

"तेच झालं. आपण पंधरा दिवस भरलेलीच गाडी रिकामी म्हणून तोलून राह्यलो."

मग म्हणाल्या, "आणि मले माहीत होतं वं हे. मी शिकवते हे. दरवेळी दुर्बीण खूप लांब वळवून खरोखरच्या रिकाम्या आकाशाचा वेगळा फोटो घ्यायचा असतो. पण त्याच्यात निम्मा वेळ जातो. मले वाटलं, एवढासा वेळ भेटतो, तो रिकाम्या आकाशावर काऊन घालवायचा..." हे बोलताना त्या रडल्या वगैरे नाहीत. डबा उघडला, थंड झालेली पोळी खाल्ली, मलाही दिली. झालेलं आता दुरुस्त करता येत नव्हतं, कारण त्या संध्याकाळचं रिकामं आकाश त्या संध्याकाळबरोबरच गेलं होतं. आकाशाचा उजेड रोज वेगळा असतो, दर दहा मिनिटांनी वेगळा असतो. आजचं आकाश कालच्यातून वजा करून चालत नाही.

सरांना त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. सर रागावले नाहीत. ते म्हणाले, घाबरू नका, एक सूत्र आहे, वायू साधारण किती लांब पसरतो ते धरून चालायचं आणि आकडे वाढवून घ्यायचे, बरेच लोक तसं करतात. फोन स्पीकरवर होता, मी ऐकत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा मॅडम, हो म्हणा. मुदतीला फार दिवस राहिले नव्हते. मॅडम म्हणाल्या, "सर, पण किती पसरतो ते आपण धरायचं, आणि मग किती निघतो ते काढायचं... म्हणजे उत्तर आपणच घालतो ना त्यात. दुसऱ्यांचे आकडे पाहून झाले आहेत माझे. आता मी जे काही धरीन ते त्यांच्या जवळ जाईल असंच धरीन." सर म्हणाले, "शैलाताई, मग तुमच्याकडे उरतं काय?" त्यावर मॅडमनी खिडकीकडे बघितलं. "अजून आठ-दहा दिवस दिसेल सर तो. पाहते." भिंतीवरचे सगळे ठिपके त्यांनी त्याच संध्याकाळी खोडून टाकले. आलेखाचा कागद तोच ठेवला, नवा घेतला नाही.

त्यानंतर आम्ही रिकाम्या आकाशाचे फोटो काढू लागलो. धूमकेतूचे दोन, की लगेच दुर्बीण लांब वळवायची आणि जिथे काहीच नाही तिथले दोन, पुन्हा धूमकेतूकडे. तोवर तो टाकीकडे सरकलेला असायचा. आधीच्या निम्मेही फोटो मिळत नव्हते. विभागातले एक सर एकदा वर आले, पडद्यावर नुसता काळा फोटो बघून म्हणाले, "काय मॅडम, आज पाहुणा आला नाही का?" मॅडम म्हणाल्या, "आला आहे. हा त्याचा शेजार आहे." पण चिडवणं सुरू झालं ते झालंच. माझ्या वर्गातली मुलं मला विचारायची, आज किती जीबी अंधार भरला? मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. खरं तर मलाही तो वेळ जाताना पाहवत नव्हता. समोर धूमकेतू दिसतोय, उद्या ढग येतील की काय माहीत नाही, आणि आपण मुद्दाम दुसरीकडे बघतोय. मॅडमचा हात त्या वेळी दुर्बिणीवर असायचा आणि त्या धूमकेतूकडे पाठ करून उभ्या राहायच्या. तिकडे बघितलं की हाव सुटते म्हणायच्या.

ढग आलेच. मधले काही दिवस नुसते गच्चीवर जाऊन परत यायचो. अजयभाऊ तरीही येऊन बसलेले असायचे. एकदा तर ते तर्री-पोहे बांधून घेऊन आले आणि आम्ही तिघांनी जिन्यात बसून, दुर्बिणीला झाकण घालून, ढगांकडे बघत खाल्ले. "याच्यापरीस दुकानात बसली असतीस तं दहा साड्या विकल्या असत्या," ते म्हणाले. "दहाही नाई विकल्या असत्या. मी गिऱ्हाइकाले खरं सांगते," मॅडम म्हणाल्या. शेवटी धूमकेतू सूर्याच्या उजेडात शिरला आणि दिसेनासा झाला, तेव्हा हिशेबात धरता येतील अशा चार संध्याकाळी आमच्याजवळ होत्या. आलेखावर चार ठिपके. पण ते चार इतरांच्या आकड्यांशी जुळत होते, कोणीही काही न धरता. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि डोळे मिटून बराच वेळ खुर्चीत तशाच बसून राहिल्या. आनंद असा दिसला नाही. दिवसभराचं ओझं खाली ठेवल्यावर माणूस बसतो तशा बसल्या होत्या.

प्रकरण त्यांनी लिहून पूर्ण केलं. लहान झालं. मुदतीच्या आत दाखल करायचं म्हणून आम्ही दोघी आकृत्या नीट करत होतो, फाइल चढवत होतो, आणि त्या कामाच्या मधेच मला तो फोन आला.

दहाएक दिवसांनी अजयभाऊ त्यांच्या वस्तू न्यायला कॉलेजात आले. स्वेटर, छत्री, डब्याची दुसरी पिशवी. खोलीत ते उभेच राहिले. मला त्यांच्याशी बोलायची भीती वाटत होती, कारण कॉलेजात एक गोष्ट पसरली होती, की मॅडमनी धूमकेतूपायी हृदयाचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं. ते जणू त्यांनीच ओळखलं. म्हणाले, "लोक काही बी म्हणतात, तू ऐकजो नको. आम्ही दोघंबी गेलतो दवाखान्यात. डॉक्टरायनंच उशिराची तारीख देली होती. तारीख आधीची असती, तं दुर्बीण सोडून आली असती ती. मले माहीत आहे." मग भिंतीवरच्या कागदाकडे बघून विचारलं, "थे झालं का तिचं पुरं?"

मी सांगितलं की लिहून झालं होतं, पण दाखल झालं नाही. आता दुसऱ्या कोणाला ते दाखल करता येत नाही.

"म्हणजे नावापुढं डॉक्टर नाई लागणार."

"नाही."

"पेंटरले सांगून ठेवलं होतं मी. थो रोज इचारे, भाऊ, पाटी कवा रंगवू..." ते हसल्यासारखं करून थांबले. पिशवी घेतली, जिन्यापर्यंत गेले, आणि वळून म्हणाले, "अभ्यास करजो. अन् जेवत जा टायमावर."

गेल्या आठवड्यात नागपूरच्या सरांचा फोन आला. मला वाटलं होतं सगळं तिथेच संपलं. सर म्हणाले, त्या धूमकेतूवर बऱ्याच ठिकाणच्या निरीक्षकांचा मिळून एक शोधनिबंध होतोय, त्यात शैलाताईंचं नाव आपण घालू शकतो. मला फार बरं वाटलं. मग सर म्हणाले, "पण चार संध्याकाळींवर फार काही उभं राहत नाही. आपली नोंद शेवटी आभाराच्या ओळीत जाईल. सुरुवातीचे पंधरा दिवस आहेत ना तुझ्याकडे? ते पाठव. सूत्राने दुरुस्त करून घेऊ, आणि तसं स्पष्ट लिहू. मग आलेख पुरा होईल, नाव वर येईल." ते वाईट माणूस नाहीत. मॅडमचं भलंच करायचं होतं त्यांना, आणि ते सांगत होते ते लोक करतात. मी म्हणाले, "सर, मॅडमनी ते बाजूला काढलं होतं." सर म्हणाले, "त्या वेळी त्यांच्याकडे पुढचे दिवस होते, मोनाली. आता नाहीत. विचार कर आणि पाठव."

मी विचार केला. सांगते म्हणून सोपं वाटेल, पण मला दोन दिवस झोप नीट लागली नाही. आमच्या घरात नाव छापून येणं म्हणजे काय ते मला कळतं. मॅडमचं नाव कुठेतरी वर, ठळक यावं, त्या पेंटरच्या पाटीऐवजी निदान ते तरी अजयभाऊंना दाखवता यावं, असं मला फार वाटत होतं. आणि मी कोण मोठी, प्रकल्प वाटून संपले म्हणून आलेली मुलगी, एवढ्या मोठ्या सरांना नाही म्हणणारी? पण दर वेळी पाठवायचं ठरवलं की मॅडम पाठ करून उभ्या राहिलेल्या आठवायच्या. त्यांना दिसत होतं की वेळ जातोय. तरी त्या तिकडे बघत नव्हत्या.

काल कॉलेज सुटल्यावर मी त्या जिन्याखालच्या खोलीत बसले आणि चार संध्याकाळींच्या फाइल पाठवल्या, त्यांच्या रिकाम्या आकाशासकट. सोबत लिहिलं, 'सर, मॅडमनी मोजलेलं एवढंच आहे.' सरांचं उत्तर अजून आलेलं नाही. कदाचित आभाराच्या ओळीतच येईल नाव. येऊ दे.

मग उरलेल्या, बाजूला काढलेल्या फाइल मी एक एक उघडून बघत बसले. त्यांचं आता कोणाला काही काम नाही. त्यातला एक फोटो उघडला आणि मला कळेना हे काय आहे. त्यात तारे ठिपक्यांसारखे नव्हतेच. प्रत्येक ताऱ्याची एक छोटी वाकडी रेघ झाली होती, हुकासारखी, आणि सगळ्या रेघा अगदी एकाच वळणाच्या. मधला धूमकेतूही तसाच, वाकलेला. आणि मग आठवलं. फोटो चालू असताना दुर्बिणीच्या जवळपास कोणी हलायचंही नाही, हा मॅडमचा कडक नियम होता. त्या संध्याकाळी कॉलेजचे चौकीदार दौलतभाऊ चहा घेऊन वर आले होते. मॅडम जिना चढून नुकत्याच आल्या होत्या, धापा टाकत होत्या. दौलतभाऊ त्यांच्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, रोज रोज तुमीच काऊन वर येता? थ्या धूमकेतूलेच खाली बलवा ना एखांद्या दिवशी. तुमचे पाय तं वाचन!" आणि मॅडम हसल्या. हसता हसता झुकल्या, आणि रुमाल बांधलेलं त्यांचं कोपर दुर्बिणीला लागलं.

तेवढ्या हसण्यापुरतं आकाशातलं सगळंच हललं होतं.

मी तो फोटो तसाच पडद्यावर ठेवला. बाहेर अंधारायला लागलं होतं. दौलतभाऊंनी दारातून विचारलं, "बाई, कुलूप लावू का?" मी म्हटलं, थांबा थोडं. ते आत आले, पडद्यावरच्या त्या वाकड्या रेघा बघितल्या, आणि हे काय आहे म्हणून काही न विचारता माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले.